रंगीत खडूनें स्वर-तालाचा पाठ
(लहान मुलांस गायन शिकविणाऱ्यांसाठीं)



मुलांस गाणें शिकवावयाचें तर तें कानानें शिकवावें. त्यांत रंगाचे खडू, कागद व चित्रें यांचें काय काम, अशी शंका पुष्कळांच्या मनांत येईल. शंका रास्त आहे, आणि हा पाठ वाचून होईपर्यंत ती मनांत जागी ठेवावी अशी माझी विनंती आहे. कारण गायनाच्या वर्गांत रंगाचा उपयोग जितका सहज होतो तितकाच सहज त्याचा दुरुपयोगहि होतो.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत गाणें तोंडोतोंडीं शिकविलें जातें. उपदेशकानें एक ओळ म्हणावयाची, मुलांनीं ती मागून म्हणावयाची. चार वेळां म्हटली कीं पुढची ओळ. ही रीत जुनी आहे व चांगली आहे. तिनें गाणें पाठ होतें. परंतु गाण्यांत काय घडतें हें मुलास उमगत नाहीं. स्वर कोठें चढला, कोठें उतरला, कोणतें अक्षर दोन मात्रा धरलें, टाळी कोठें पडली आणि कोठें पडली नाहीं, हें सर्व त्याच्या कानांवरून जातें, पण त्याच्या हातीं लागत नाहीं. मग शिकविणारा दुसऱ्या गांवीं गेला कीं वर्षभरांत चाल झिजूं लागते. शब्द तेच राहतात, परंतु उंच जावयाची ओळ सपाट होते व धरावयाचें अक्षर तोडलें जातें. आणि कोणाच्याहि लक्षांत येत नाहीं, कारण मूळ चाल कशी होती हें सांगणारें कांहींच मागें उरलेलें नसतें.

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत ही अडचण अधिकच जाचते. कळंब, वाशी, भूम, परांडा या बाजूंची कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. ज्या घरीं आजी-आजोबा नाहींत त्या घरचीं मुलेंहि कोपीवर जातात. पांच-सहा महिने त्यांची शाळा सुटते, आणि गाण्याचा वर्गहि सुटतो. परत आल्यावर गांवीं राहिलेलीं मुलें नवीं गाणीं म्हणतात आणि हीं मुलें भिंतीशीं गप्प बसतात. त्यांस बरोबर पेटी देतां येत नाहीं, शिक्षक तर देतां येतच नाहीं. परंतु वीतभर लांबीची, त्यांनींच रंगविलेली एक कागदाची पट्टी गोधडीच्या घडींत सहज जाते. या पट्टीवर गाणें कसें बसवावें, हाच या पाठाचा विषय आहे.

आरंभीं एक गोंधळ दूर केला पाहिजे. लहान मुलास 'आवाज वर ने' असें सांगितलें कीं तें ओरडतें, आणि 'खालीं ये' म्हटलें कीं कुजबुजतें. दोष मुलाचा नाहीं. आपल्या बोलण्यांतच 'आवाज चढविणें' याचे दोन अर्थ आहेत. भांडणांतहि आवाज चढतो आणि गाण्यांतहि चढतो. स्वराची उंची ही एक गोष्ट व आवाजाचा जोर ही दुसरी, हें व्याख्यानानें सांगून मुलास पटत नाहीं. रंगानें मात्र तें एका सकाळीं पटतें. त्यासाठीं एकच नियम पाळावा : स्वराची उंची कागदावरील जागेनें दाखवावी, आणि जोर खडूच्या दाबानें दाखवावा. मोठ्यानें म्हटलेला स्वर गडद रंगवावयाचा, हळू म्हटलेला फिकट. जागा तीच, रंगहि तोच. केवळ हाताचा भार कमी-अधिक. मूल खडू दाबतें तेव्हां त्याच्या पोटांतूनहि आवाज जोरानें येतो, आणि खडू हलका फिरवितें तेव्हां गळाहि आपोआप मऊ होतो. हें मीं अनेक वर्गांत पाहिलें आहे. त्यानंतर दोन प्रश्न विचारावे : 'वरची पण फिकट अशी जागा म्हणून दाखव,' आणि 'खालची पण गडद अशी म्हणून दाखव.' ज्या मुलास हें करतां आलें, त्यास भेद कळला.

आतां ताल. रंगाची खरी मदत मला येथेंच सर्वांत अधिक वाटते, म्हणून येथें थोडें सावकाश जाऊं.

सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनें ओळींत आठ चौकटी काढाव्या. पाटीवर किंवा कागदावर काढल्या तरी चालतील. या केहरव्याच्या आठ मात्रा. चार-चारांचे दोन भाग पडतात, म्हणून चौथ्या चौकटीनंतर एक जाड रेघ ओढावी. पहिली चौकट तांबडी रंगवावी, ही सम. दुसरी, तिसरी, चौथी पिवळी. पांचवी रंगवूं नये. ती पांढरीच ठेवावी. सहावी, सातवी, आठवी पुन्हां पिवळी. आतां सर्वांनीं मिळून चौकटी मोजाव्या : तांबड्या चौकटीवर टाळी, पिवळ्यांवर बोटें, आणि कोऱ्या चौकटीवर हात हवेंत उघडा फिरवावयाचा. या कोऱ्या मात्रेला आपल्या संगीतांत 'खाली' म्हणतात, आणि मराठवाड्यांतील मुलास त्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. 'घर खाली केलें' म्हणजे रिकामें केलें, हें तें रोज ऐकतें. रिकामी मात्रा म्हणून रिकामी चौकट! शब्द, चित्र व हात हीं तिन्ही एकच गोष्ट सांगतात. त्यांतहि ही मात्रा रिकामी असली तरी ती मोजावीच लागते, हें मुलास कोरी चौकट पाहूनच कळतें. ती पुसून टाकली तर ओळ आठांची न राहतां सातांची होते.

केहरवा हातांत बसला कीं दुसऱ्या आठवड्यांत सहा चौकटींचा दादरा काढावा. तीन-तीनांचे दोन भाग, पहिली तांबडी, चौथी कोरी. मग दोन्ही पट्ट्या मुलांपुढें ठेवून, त्यांस ठाऊक असलेलें एखादें गाणें शब्द न म्हणतां केवळ गुणगुणावें व विचारावें, हें गाणें कोणत्या पट्टीवरचें? मुलें आरंभीं अंदाज करितात. नंतर मात्र बोटें चौकटींवर फिरवून पाहतात. बोट ओळीच्या शेवटीं गाण्याबरोबर पोंचलें नाहीं कीं पट्टी चुकली हें त्यांचें त्यांसच कळतें. शिक्षकानें त्यावेळीं तोंड मिटून बसावें.

मोठ्या मुलांस सोळा मात्रांचा त्रिताल द्यावा : पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, नववी खाली. आणि ज्यांस कोडीं आवडतात त्यांस रूपक द्यावा. रूपकाच्या सात मात्रा, तीन, दोन व दोन अशा वांटलेल्या. परंतु त्याची सम हीच खाली असते. मग पहिली चौकट तांबडी करावी कीं कोरी ठेवावी? एका मुलीनें चौकटीची केवळ कड तांबडी करून आंतली जागा पांढरी ठेवली. याहून चांगलें उत्तर मला ठाऊक नाहीं.

येथें हलगीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आपल्यापैकीं कित्येकांच्या घराण्यांवर हलगी वाजविण्याचें काम गांवकीचा भाग म्हणून पिढ्यान्पिढ्या लादलें गेलें होतें. त्या दिवसांची आठवण ज्या वडीलधाऱ्यांस बोचते त्यांनीं तें वाद्य पुन्हां हातांत घ्यावें असा आग्रह कोणीहि करूं नये. परंतु त्यांच्या नातवंडांच्या बोटांत जी लय आहे तिला लाज मानण्याचें कारण नाहीं. वर्गांत असें मूल ओळखावें. वाचण्यांत तें मागें असेल, पाटीवर त्याचें अक्षर वेडेंवांकडें असेल. पण रांगोळीच्या चौकटींवर तें इतरांचा पुढारी होतें. त्यास पुढें उभें करावें, व तें ज्या रीतीनें टाळी देतें ती चौकटींत रंगविण्याचें काम बाकीच्यांस सांगावें. गांवानें ज्या विद्येस कधीं विद्या म्हटलें नाहीं तीच आतां वर्गाचा फळा होते.

मुलांस स्वतःच्या खुणा काढूं देण्याचें महत्त्व अमेरिकेंतील जीन बॅम्बर्गर या विदुषीनें चांगलें दाखविलें. तिनें मुलांस एक टाळ्यांचा नमुना वाजवावयास लावून सांगितलें कीं, दुसऱ्या कोणाला किंवा उद्यां तुम्हांलाच तो पुन्हां वाजवितां यावा असें कांहीं कागदावर काढा. कांहीं मुलांनीं जवळजवळ पडणाऱ्या टाळ्यांचे पुंजके काढले. कांहींनीं प्रत्येक टाळीस किती वेळ लागतो हें मापून दाखविलें. मोठीं माणसें दुसऱ्या प्रकाराला बरोबर व पहिल्याला चूक म्हणतात. परंतु पुंजके काढणाऱ्या मुलास गाण्याचे तुकडे कळलेले असतात, आणि मापणाऱ्यास मात्रा कळलेल्या असतात. गाणाऱ्यास दोन्ही लागतात. म्हणून चौकटी शिकविण्यापूर्वी एक दिवस मुलांस मोकळा द्यावा, व टाळ्या कशा रंगवाव्या हें त्यांसच ठरवूं द्यावें.

आतां स्वरांकडे येऊं. कोणत्या स्वराला कोणता रंग?

हा प्रश्न आपल्या मराठवाड्यास नवा नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा मोठा ग्रंथ लिहिला. देवगिरी म्हणजे आजचें दौलताबाद. आपला धाराशिवचा मुलूखहि तेव्हां त्याच राज्यांत होता. या ग्रंथांत सातहि स्वरांचे वर्ण दिले आहेत : षड्ज कमळाच्या रंगाचा, ऋषभ पिंगट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद चित्रविचित्र. शिवाय प्रत्येक स्वर एकेका प्राण्याच्या वाणींतून येतो असेंहि सांगितलें आहे : मोर, चातक, बोकड, क्रौंच, कोकिळ, बेडूक आणि हत्ती. हे सात प्राणी मुलांस रंगवावयास देण्यासारखे आहेत, आणि सात स्वरांचीं नांवें व क्रम त्यामुळें फार लवकर पाठ होतात. मात्र मोर खरोखर षड्जांत ओरडतो असें मुलांस सांगूं नये. आपल्या शिवारांत मोर पुष्कळ आहेत आणि एखादें चौकस मूल पडताळा घेऊन येईल.

युरोपांत आयझॅक न्यूटननें 1704 मध्यें छापलेल्या प्रकाशविषयक ग्रंथांत सूर्यकिरणांतील सात रंगांची सांगड सात स्वरांशीं घातली. हल्लीं बाजारांत मुलांचीं जीं रंगीत पट्ट्यांचीं खेळण्यांतलीं वाद्यें मिळतात त्यांवर बहुधा पहिला स्वर तांबडा व पुढें इंद्रधनुष्याच्या क्रमानें रंग असतात. तिकडे फिनलंडांत गेझा सिल्वाय या शिक्षकानें 1970 नंतरच्या दशकांत लहान मुलांस व्हायोलिन शिकवितांना स्वरांऐवजीं चार तारांस चार रंग दिले : हिरवा, तांबडा, निळा व पिवळा. यांपैकीं कोणाचा मेळ कोणाशीं बसत नाहीं. शार्ङ्गदेवाचा पंचम काळा, खेळण्यावरचा निळसर. यावरून एवढेंच ठरतें कीं स्वराला स्वतःचा असा रंग नाहीं. रंग ही खूण आहे, आपण लावलेली. म्हणून कोणतीहि एक योजना घ्यावी, पण एकदां घेतली कीं शेजारच्या गांवच्या वर्गांतहि तीच चालवावी. मूल एका वस्तीवरून दुसरीवर गेलें कीं त्याचा तांबडा 'सा' तेथें हिरवा होऊं नये.

माझी सूचना अशी आहे. प्रथम तीनच स्वर घ्यावे : सा, ग व प. सा तांबडा, ग पिवळा, प निळा. हे तीन रंग मूळचे. दुसऱ्या रंगांच्या मिश्रणानें ते होत नाहींत. महिनाभर एवढ्यांवरच काम करावें. नंतर 'रे' शिकवितांना मुलांस तांबड्यावर पिवळा खडू फिरवावयास सांगावें; नारिंगी उमटतो. सा व ग यांच्या मधला स्वर, तांबडा व पिवळा यांच्या मधला रंग! त्याच रीतीनें पिवळ्यावर निळा फिरविला कीं हिरवा येतो. तो ग व प यांच्या मधला 'म'. निळा व वरच्या सा-चा तांबडा यांपासून जांभळा होतो, तो 'ध'. आणि जांभळ्यांत तांबडा अधिक घातला कीं किरमिजी होतो, तो 'नी'. मग पुन्हां तांबडा, म्हणजे वरचा सा. रंगांचें चक्र जेथून निघालें तेथें परत येतें, तसेंच सप्तकहि येतें. रे हा सा व ग यांचें मिश्रण आहे असा अर्थ मात्र मुलांनीं काढूं नये. दोन स्वर एकत्र वाजविल्यानें मधला स्वर होत नाहीं. हें पेटीवर एकदां ऐकवावें म्हणजे झालें.

वरच्या सप्तकांतील स्वरावर टिंब व खालच्या सप्तकांतील स्वराखालीं टिंब, ही पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांची खूण पहिल्या दिवसापासून रंगाबरोबर द्यावी. कोमल स्वराखालीं आडवी रेघ व तीव्र मध्यमावर उभी रेघ याहि त्यांच्याच खुणा. पुढें मूल छापील पुस्तक हातांत घेईल तेव्हां त्यास कांहीं नवें शिकावें लागूं नये.

रंगानें गाणें शिकविण्याची कल्पना किती जुनी आहे तें सांगतों. सुमारें एक हजार वर्षांपूर्वी इटलींत ग्विदो नांवाचा साधु आरेत्सो येथें मुलांस उपासनेंतील गीतें शिकवीत असे. त्या काळीं शब्दांवर बारीक खुणा लिहीत, पण त्यांवरून स्वर नक्की कोणता हें कळत नसे. ज्यानें चाल आधीं ऐकली आहे त्यासच तें लेखन उपयोगी पडे. आपली अडचण तीच आहे. ग्विदोनें रेघांवर स्वर बसविले, आणि त्यांतील एका स्वराची रेघ तांबडी व दुसऱ्याची पिवळी केली. मूल या दोन रंगीत रेघांवरून आपली जागा ओळखी, आणि पूर्वी न ऐकलेलें गीत म्हणूं लागे. पुढें रंग गेले, रेघा राहिल्या. आज साऱ्या पाश्चात्य संगीताचें लेखन त्याच रेघांवर चालतें. तसेंच 1841 मध्यें इंग्लंडांत जॉन कर्वेन या तरुण पाळकास शब्बाथ शाळांच्या शिक्षकांनीं विचारलें कीं मुलांस गायन शिकविण्याची सोपी रीत कोणती. त्यानें नॉरिच येथील सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची रीत उचलली व सुधारली. तिचें मर्म असें कीं पहिला स्वर एखाद्या ठराविक पट्टीस बांधलेला नाहीं. गाणें जेथून सुरू होईल तेथें तो बसतो. आपला 'सा' तर पूर्वीपासून तसाच आहे.

यावरून पेटीसंबंधीं एक सूचना करावीशी वाटते. कित्येक ठिकाणीं पेटीच्या पट्ट्यांवर रंगीत कागदाचे तुकडे चिकटविलेले मीं पाहिले आहेत. असें करूं नये. मोठ्या माणसांच्या गळ्याचा सा मुलांस सोसत नाहीं. आज तो काळी एकपासून धरला तर उद्यां पांढरी चारपासून धरावा लागेल, आणि चिकटविलेला तांबडा कागद आपल्या जागीं खोटें सांगत बसेल. त्याऐवजीं सरकती पट्टी करावी. पेटीवर एका पांढरी एकच्या डाव्या कडेपासून पुढच्या पांढरी एकच्या डाव्या कडेपर्यंतचें अंतर दोऱ्यानें मोजावें व जाड कागदावर त्याचे बारा सारखे भाग करून शेवटीं तेरावा जोडावा. पहिला भाग तांबडा, तिसरा नारिंगी, पांचवा पिवळा, सहावा हिरवा, आठवा निळा, दहावा जांभळा, बारावा किरमिजी, तेरावा पुन्हां तांबडा. दुसरा, चौथा, सातवा, नववा व अकरावा कोरे ठेवावे; ते कोमल व तीव्र स्वरांचे आहेत व पुढें भरावयाचे आहेत. हा कागद पट्ट्यांच्या मागील बाजूस उभा ठेवावा, कारण तेथें काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जवळजवळ सारख्या अंतरावर असतात. पहिला भाग ज्या पट्टीमागें ठेवाल ती सा. कागद डावी-उजवीकडे सरकवला कीं सा सरकतो आणि त्याच्याबरोबर सारे स्वरहि योग्य जागीं जाऊन बसतात. हें पाहून मुलांस जो आनंद होतो तो खर्च न करितां मिळणारा आहे.

वाद्यांचीं चित्रें रंगविण्याचा पाठहि करावा, पण त्यास एक तास पुरे. जुन्या शास्त्रांत वाद्यांचे चार वर्ग आहेत : तारेचें तें तत, फुंकीचें सुषिर, चामड्यानें मढविलेलें अवनद्ध व धातूचें ठोक्याचें घन. तुळजापुरच्या बाजूस गोंधळ्यांचें संबळ, तुणतुणें व झांज प्रत्येक मुलानें ऐकलेलीं असतात. त्यांत सनई मिळविली कीं चारहि वर्ग घरच्या घरीं पुरे होतात. चार वर्गांस चार रंग द्यावे, आणि चित्र रंगविण्यापूर्वी त्या वाद्याचा आवाज मुलानें तोंडानें काढून दाखवावा.

खडू विकत घ्यावयाचे तर मेणाचे घ्यावे. एक पेटी दहा मुलांस पुरते. तेंहि नसेल तर गेरू, हळद, नीळ, कोळसा व चुना हीं खेड्यांत मिळतात. हळदींत चुना मिसळला कीं तांबडा होतो हें मुलांस जादूसारखें वाटतें, परंतु चुना डोळ्यांत गेल्यास फार इजा होते. तो मोठ्या माणसानेंच कालवावा.

दुरुपयोगाविषयीं आरंभीं म्हटलें होतें. हल्लीं छापील चित्रें मिळतात : जेथें 'सा' लिहिलें आहे तेथें तांबडा भरा, जेथें 'रे' तेथें नारिंगी, आणि शेवटीं फुलपांखरूं तयार होतें. मुलें तासभर शांत बसतात, शिक्षकास विसांवा मिळतो, पालकांस कागद दाखवितां येतो. त्या तासांत एकहि स्वर कोणाच्या कानांत गेलेला नसतो. कोणताहि पाठ पारखण्यास ही कसोटी लावावी : मुलानें कानांत बोटें घालून हा कागद पुरा केला असता काय? केला असता, तर तो चित्रकलेचा पाठ आहे. चांगला असेल, पण गायनाचा नव्हे. आमच्या पाठांत खडू उचलण्यापूर्वी ऐकावें लागतें, आणि खडू ठेवल्यावर गावें लागतें.

त्याच कारणानें सुबक रंगविणाऱ्यास बक्षीस देऊं नये. एका वस्तीवर एक मुलगी होती, जिला घरचे व शेजारचे 'हिला गळाच नाहीं' म्हणत. ती गात नसे. तिचा कागद डागांनीं भरलेला असे. एके दिवशीं फळ्यावरची पट्टी व गायिलेली ओळ यांत एका ठिकाणीं फरक होता. पट्टीवर निळा होता व गाणाऱ्यांनीं हिरवाच म्हटला. तीस मुलांत ती एकटी उठली व बोट ठेवून म्हणाली, हें चुकलें. तिला गळा नव्हता हें खरें मानलें तरी कान होता, आणि आजवर तिचा कान कोणीं विचारला नव्हता. पुढें ती हळू कां होईना म्हणूं लागली.

आणखी दोन गोष्टी. कांहीं मुलांस, विशेषतः मुलग्यांत, तांबडा व हिरवा यांतील भेद जन्मतः दिसत नाहीं. तें मूल आळशी किंवा खोडकर नसतें. म्हणून प्रत्येक रंगाबरोबर स्वराचें अक्षर व त्याची जागा हीं असावींच, म्हणजे रंग न दिसणाऱ्याचेंहि अडणार नाहीं. दुसरी गोष्ट, रंग हा पांगुळगाडा आहे. मूल चालूं लागलें कीं तो काढून घ्यावा लागतो. चार-सहा महिन्यांनीं ओळींतील एक-एक चौकट न रंगवितां केवळ अक्षरावर सोडावी. वर्षअखेर तांबडा सा तेवढा राहावा. आणि नंतर तोहि जावा. जो शिक्षक तीन वर्षें रंगच वापरतो त्याच्या मुलांस रंग वाचतां येतात.

राहिली ऊंसतोडीस जाणाऱ्या मुलांची पट्टी. गाणें एकच घ्यावें, तेंहि दोन ओळींचें. पट्टीच्या एका बाजूस स्वर : उंचीप्रमाणें वर-खालीं जाणाऱ्या रंगीत चौकटी, लांब धरावयाच्या अक्षरास लांब चौकट, हळू म्हणावयाचें तें फिकट. दुसऱ्या बाजूस ताल : तांबडी, पिवळी व कोरी यांची ओळ. पट्टी मुलानें स्वतः रंगवावी. शिक्षकानें करून दिलेली पट्टी कोपीवर हरवते. वर मेणबत्तीचें मेण घासावें म्हणजे पाण्यानें रंग पसरत नाहींत. जाण्यापूर्वी त्या मुलानें आपल्या आईस किंवा मोठ्या बहिणीस पट्टीवर बोट फिरवून गाणें म्हणून दाखवावें, कारण तिकडे ऐकणारें तेवढेंच माणूस असतें.

पाडव्याच्या पुढें-मागें मुलें परततात. पहिल्या रविवारीं त्यांस पट्टी उलगडावयास सांगावें व गाणें ऐकावें. बहुधा तें बदललेलें असेल. इतर जिल्ह्यांतील मुलांबरोबर म्हटल्यानें एखादी जागा नव्यानें वळली असेल, किंवा दोन मात्रांचें अक्षर एका मात्रेचें झालें असेल. लगेच चूक म्हणूं नये. जुन्या ओळीखालीं नवी ओळ आंखावी, मुलानें आतां जसें म्हटलें तसें तींत रंगवावें, आणि गांवीं राहिलेल्या मुलांनीं प्रथम वरची व नंतर खालची ओळ वाचून म्हणावी. कोणती ठेवावयाची तें वर्गानें दोन्ही ऐकून ठरवावें.